सुई, दोरा आणि संघ : हाताच्या कामाला मिळालेल्या मानाचा इतिहास



स्मरणिकेत बहुधा मोठ्या माणसांचा, मोठ्या सभांचा इतिहास येतो. तो यायलाच हवा. पण ज्या हातांनी चीवर शिवले, लेणी कोरली, सूत कातले, त्या हातांचाही एक इतिहास आहे. तो आपल्या त्रिपिटकात आहे आणि आपल्या जिल्ह्याच्या डोंगरातही आहे. हाताने केलेली वस्तू आपल्या माणसांना दाखवावी, त्यांनी ती पारखावी, अडले तिथे हात लावावा आणि मग सर्वांनी मिळून आनंद मानावा, ही रीत बौद्ध परंपरेत पहिल्यापासून आहे.

आनंदाने दाखवलेले चीवर

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध दक्षिणगिरीकडे चारिकेला निघाले होते. वाटेत त्यांना मगध देशातली शेते दिसली. बांध घातलेली, लांब-आखूड पट्ट्यांची, चौकटी पाडलेली. त्यांनी आनंदाला विचारले, भिक्षूंसाठी या शेतांसारखी चीवरे बेतता येतील का? आनंदाने होकार दिला. त्याने काही भिक्षूंसाठी तशी चीवरे बेतली आणि पुन्हा भेट झाली तेव्हा भगवंतांना आणून दाखवली.

आता बुद्धांनी काय केले ते बघा. नुसते “छान झाले” म्हणून ते पुढे गेले नाहीत. भिक्षूंना बोलावून, सगळ्यांसमक्ष, आनंदाने कुठली पट्टी कशी घातली, अर्धी पट्टी कुठे जोडली, मधला भाग कोणता, मानेजवळचा आणि पोटरीजवळचा कोणता, ते एकेक नाव घेऊन सांगितले. आपण थोडक्यात सांगितलेले आनंदाने सविस्तर जाणले, असे त्याचे कौतुक केले. शिवाय तुकडे जोडून केलेल्या अशा वस्त्राचा चोरांना लोभ सुटणार नाही, हा व्यवहारही सांगितला. खरे कौतुक असेच असते. ज्याने काम नीट पाहिले त्यालाच ते नीट वाखाणता येते.

अनुरुद्धाचे चीवर

धम्मपदाच्या अट्ठकथेत दुसरी कथा येते. स्थविर अनुरुद्धाचे चीवर जुने झाले होते आणि ते नवे शिवायला बसले. हे कळताच भगवान स्वतः भिक्षुसंघ घेऊन मदतीला गेले. एका टोकाला महाकस्सप बसले, मध्ये सारिपुत्त, दुसऱ्या टोकाला आनंद. भिक्षूंनी सूत कातले, मोग्गल्लान लागेल ते आणून देत होते आणि सुईत दोरा ओवून देण्याचे काम खुद्द बुद्धांनी केले, असे ती कथा सांगते. अट्ठकथा नंतरच्या काळातली आहे हे खरे. तरीही त्या काळच्या बौद्ध समाजाला आपला शास्ता सुईत दोरा ओवताना दाखवावासा वाटला, यात कमीपणा वाटला नाही, हेच फार महत्त्वाचे आहे.

चुल्लवग्गात तर शिवणकामाचे बारीकसारीक नियम आहेत. सुया गंजू नयेत म्हणून काय करावे, बोटाला टोचू नये म्हणून अंगुस्तान कशाचे असावे, कापड ताणायची चौकट कशी बांधावी, हे सगळे आहे. उघड्यावर शिवताना भिक्षूंना थंडी-उन्हाचा त्रास होऊ लागला म्हणून शिवणकामासाठी वेगळ्या शाळेची अनुज्ञा दिली गेली. आणि हे नियम आपल्यापर्यंत कुणी पोचवले? राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाविषयीच्या प्रश्नांना उत्तरे दिली ती स्थविर उपालीने. उपाली शाक्यांचा न्हावी होता. वस्तरा धरणाऱ्या हाताचा माणूस विनयात सर्वांत श्रेष्ठ ठरला.

कठिन आणि अनुमोदन

वर्षावास संपला की आपण कठिन चीवरदान करतो. ‘कठिन’ म्हणजे मुळात कापड ताणून धरायची ती चौकट. वर्षावासानंतरच्या महिन्यात संघाला कापड मिळाले की त्याच दिवशी ते बेतायचे, शिवायचे, रंगवायचे. एकट्यादुकट्याचे ते काम नव्हे, म्हणून सगळे मिळून करायचे. चीवर तयार झाले की बाकीच्यांनी त्याचे अनुमोदन करायचे, म्हणजे ‘चांगले झाले, आम्हालाही आनंद आहे’ असे म्हणायचे. विनयात याला एक अट आहे. सीमेच्या बाहेर उभे राहून केलेले अनुमोदन चालत नाही. दुरून वाहवा करणाऱ्याचा उपयोग नाही, आत येऊन सोबत उभे राहिले पाहिजे.

दगडावर राहिलेली नावे

आता आपल्या डोंगराकडे येऊ. कन्नड तालुक्यात सातमाळ्याच्या रांगेत पितळखोऱ्याची लेणी आहेत, इसवी सनापूर्वीची. तिथल्या उत्खननात यक्षाची एक मूर्ती मिळाली. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर लेख आहे, की ही कण्हदास सोनाराने केली. राजाचे नाव नाही, घडवणाऱ्याचे आहे. याच लेण्यांत प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या मितदेवाच्या दानाचाही लेख आहे.

अशी उदाहरणे आणखी आहेत. कर्जतजवळ कोंढाणे लेण्यात कण्हाचा शिष्य बालक याने काम केल्याचा लेख आहे. शिष्याने स्वतःच्या नावाबरोबर गुरूचेही नाव कोरले. कार्ल्याला चैत्याच्या दाराचे काम केल्याचे धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने लिहून ठेवले आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपण कोरीवकाम केल्याचे नोंदवले आहे.

नाशिकच्या लेण्यातला हिशेब तर वाचण्यासारखा आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे 3000 कार्षापण कायमचे ठेवले. त्यातले 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने. म्हणजे महिन्याला 20, वर्षाला 240. लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण त्यातून मिळत. हिशेब बरोबर जुळतो. राजघराण्यातल्या माणसाने संघाची ठेव सोपवली ती विणकरांवर. त्यांच्या शब्दाला तेवढी पत होती.

तरीही बहुतेक हात अनामच राहिले. विद्यापीठामागच्या लेण्यांत तिसऱ्या लेण्यात बुद्धांसमोर गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष किती जिवंत आहेत! कोरणाऱ्यांची नावे मात्र आपल्याला माहीत नाहीत. वेरूळचे दहावे लेणे, जिथे लाकडी छतासारख्या फासळ्या दगडात काढल्या आहेत, त्याला लोक ‘सुतार की झोपडी’ म्हणतात. कारागिरीची ओळख लोकांच्या तोंडी राहिली, नाव गेले.

हाताला विटाळ कधी लागला?

पुढे काळ फिरला. ज्याने हाताने काम करायचे तो खालचा, अशी उतरंड पक्की झाली. त्यातही आपल्या हाताला विटाळ चिकटवला गेला. विदर्भात आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या जाडेभरडे कापड विणीत. मुंबईच्या गिरण्यांत मात्र त्यांना विणकाम खात्यात शिरकाव नव्हता. तुटलेला धागा जोडताना तो तोंडाच्या ओलाव्याने भिजवावा लागे आणि अस्पृश्याचा उष्टा धागा सवर्ण कामगारांना चालत नसे. त्या खात्यात पगार जास्त होता, म्हणजे विटाळाची किंमत आपल्या घरच्या भाकरीतून वसूल होत होती. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. एकीकडे अनुरुद्धासाठी सगळ्यांनी मिळून कातलेले सूत आणि दुसरीकडे हा धागा. दोन समाजांतला फरक एका धाग्यात दिसतो.

आपल्या वस्तीतली गोधडी

आपल्या आया-आज्यांनी ही जुनी रीत न शिकवता चालवली. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवायची, चार बायांनी चार कोपरे धरायचे, एकीचा धावदोरा वाकडा गेला तर दुसरीने उसवून सरळ करून द्यायचा. तुकड्या-तुकड्यांचे चीवर आणि आपली गोधडी यांत नाते आहे. पण गोधडी पांघरणाऱ्याला ती कुणी शिवली हे बहुधा माहीत नसते.

म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. वर्षावासाच्या तीन महिन्यांत दर पौर्णिमेला ज्याने-तिने आपले हातचे काम, गोधडी असो, विणकाम असो, लाकूडकाम असो, अर्धे झालेले असले तरी विहारात आणावे. जाणत्याने नवख्याला दाखवावे. कठिनाच्या दिवशी विहाराच्या वहीत प्रत्येक वस्तूपुढे करणारीचे आणि करणाऱ्याचे नाव लिहावे, आणि कोंढाण्याच्या बालकासारखे, शिकवणारीचेही. कण्हदासाचे नाव दोन हजार वर्षे टिकले ते कुणीतरी ते कोरू दिले म्हणून. आपल्या आजीचे नाव टिकवायला तर एक वही आणि एक पेन पुरेसे आहे.

जयभीम!