शोग्रेन सिंड्रोम: तोंड कोरडं पडण्याचं उत्तर ओठात कसं सापडतं?

नाशिकचा चिवडा खाताना प्रत्येक घासाला पाणी लागतंय, मिसळीची तर्री पूर्वीपेक्षा जास्त झोंबतेय. 'उन्हाळा आहे', 'वय झालं' म्हणून हे अनेकदा सोडून दिलं जातं. पण कोरडेपणा तीन महिन्यांहून जास्त टिकला आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत असेल, तर 'शोग्रेन सिंड्रोम'ची तपासणी करायला हवी.

या आजारात रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळग्रंथी आणि अश्रुग्रंथींवर हल्ला करते. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ मध्ये १९ महिलांचा अभ्यास मांडला. त्यातल्या १३ जणींना संधिवातही होता. आजही दहापैकी साधारण नऊ रुग्ण महिलाच असतात.

ग्रंथीत नेमकं काय होतं? लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी लाळ वाहून नेणाऱ्या नळ्यांभोवती घोळका करतात. घोळके वाढतात तसे लाळ तयार करणाऱ्या पेशींचे गुच्छ नष्ट होत जातात.

हे पाहण्यासाठी गालाजवळची मोठी ग्रंथी सहसा कापावी लागत नाही. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला भूल देऊन छोटा छेद घेतात आणि बारीक दाण्यांसारख्या काही ग्रंथी काढतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली चक्क मोजणी होते. ५० किंवा त्याहून जास्त लिम्फोसाइटचा घोळका म्हणजे एक 'फोकस'. दर ४ चौरस मिलिमीटरला असा किमान एक सापडला, तर अहवाल शोग्रेनच्या बाजूने जातो.

इथे गफलत होऊ शकते. वयानुसारही ग्रंथीत चरबी आणि तंतुमय ऊती वाढतात, त्यामुळे पाहणारी नजर अनुभवी लागते. शिवाय २०१६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत या बायोप्सीला ३ गुण आहेत आणि हवेत किमान ४. म्हणजे रक्तातली अँटी-रो अँटिबॉडी, डोळ्यांची किंवा लाळेची चाचणी यांचीही जोड लागते.

नष्ट झालेल्या पेशी परत आणणारं औषध अजून नाही. पायलोकार्पिनसारखी औषधं उरलेल्या पेशींकडूनच लाळ काढून घेतात, त्यामुळे निदान लवकर झालेलं बरं. लाळ कमी झाली की दातही झपाट्याने किडतात. म्हणून बऱ्याचदा पहिली शंका दंतवैद्यालाच येते. कानाखालची सूज उतरतच नसेल, तर मात्र ताबडतोब डॉक्टरांना दाखवावं: शोग्रेनच्या साधारण ५ टक्के रुग्णांना पुढे लिम्फोमा, म्हणजे लिम्फ पेशींचा कर्करोग होतो आणि तो अनेकदा याच ग्रंथीत सुरू होतो.