मोटारीचे काळे लेणे

दागिना अंगावर घालण्याची हौस सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु आयता मिळालेला, चांगला लखलखीत दागिना झाकून टाकण्याचीही हौस असू शकते, हे मला गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेत कळले. मिशिगन संस्थानात, डेट्रॉइट शहराच्या एका उपनगरात माझा भाचा राहतो. मी तेथे पोचल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी हे चिरंजीव गॅरेजमध्ये गुडघे टेकून बसले होते आणि आपल्या मोटारीच्या पुढील जाळीवर, जी आरशासारखी चकाकत होती, फवाऱ्याच्या डब्यातून काळे रबर उडवीत होते. मोटार अवघी दोन वर्षांची. जाळीस कोठे ओरखडादेखील नव्हता. "अरे, हे काय चालवले आहेस?" असे विचारता तो म्हणाला, "मामा, काळी जाळी उठून दिसते. आणि नको झाली की केळ्याच्या सालीसारखी ओढून काढायची."

मी इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे मला त्याच्या रसिकतेपेक्षा एका योगायोगाचेच नवल अधिक वाटले. ह्याच डेट्रॉइटच्या कारखान्यांत १९४२ सालच्या आरंभी मोटारींचे चकाकते अलंकार सरकारी हुकमाने असेच रंगाखाली गेले होते, आणि तेव्हा गिऱ्हाइकास ती गोष्ट दैन्याची वाटली होती. जे काळे लेणे त्या पिढीने नाइलाजाने स्वीकारले, ते ही पिढी पदरचे पैसे खर्चून व आपला रविवार मोडून चढवीत आहे. हा पालट कसा झाला ते पाहू लागलो, तेव्हा त्या लहानशा डब्याच्या पोटात लढायांचा बराच इतिहास भरलेला आढळला. त्यातील काही भाग वाचकांपुढे ठेवतो.

आरंभीच्या मोटारींना रंग देण्याची रीत घोडागाडीवाल्यांची होती. एकावर एक रोगणाचे हात द्यावयाचे, प्रत्येक हात वाळू द्यावयाचा, घासावयाचा, पुन्हा पुढचा द्यावयाचा. एका सांगाड्यास ह्या कामी दोन ते चार आठवडे लागत. हेन्री फोर्ड ह्याची 'मॉडेल टी' १९०८ साली निघाली. १९१४ पासून १९२५ पर्यंत ती काळ्या रंगातच मिळत असे, आणि त्या काळ्या रंगाविषयीचा त्याचा उद्गार पुढे म्हणीसारखा झाला. हे रोगण डांबराच्या जातीचे असून भट्टीत भाजून पक्के केले जाई. ते स्वस्त होते व टिकाऊही होते. सर्वांच्या दारी एकच रूप आले की, प्रत्येकास आपले रूप वेगळे करण्याची इच्छा होते. त्या काळच्या सीअर्स-रोबक कंपनीच्या जाड सूचिपत्रात ह्या फोर्ड गाडीस लावावयाच्या जोडवस्तूंची रेलचेल असे. घरच्या घरी मोटार नटवणे हा प्रकार, सारांश, मोटारीइतकाच जुना आहे.

रंगाची क्रांती झाली ती मात्र दारूगोळ्याच्या कारखान्यातून. ड्यूपाँ ही कंपनी १८०२ साली बंदुकीची दारू करण्यासाठी निघाली. कापसावर तीव्र आम्लांची क्रिया केली म्हणजे जो पदार्थ मिळतो, तो स्फोटक द्रव्यांस उपयोगी पडतो. पहिल्या महायुद्धात त्याचे प्रचंड उत्पादन झाले आणि युद्ध संपताच ह्या कारखान्यांपुढे आता करावयाचे काय, असा प्रश्न उभा राहिला. १९२० साली ड्यूपाँच्या रसायनशाळेत असे आढळले की, ह्याच पदार्थाचे पातळ, तरीही पुष्कळ रंगद्रव्य सामावून घेणारे द्रावण करता येते. इकडे जनरल मोटर्स कंपनीचा संशोधक चार्ल्स केटरिंग रंग लवकर वाळवण्याच्या ध्यासाने पछाडलेला होता. सांगतात की, न्यू यॉर्कच्या एका दुकानात एक लहानशी रंगीत तबकडी पाहून तो तिच्या रंगाचा माग काढीत गेला. आणि ज्या रंगतज्ज्ञांस त्याने तासाभरात मोटार रंगवण्याची गोष्ट सांगितली, त्यांनी ती अशक्य ठरवली. १९२३ साली 'ओकलंड' नावाची गाडी ड्यूको ह्या नव्या रोगणात, निळ्या रंगात बाजारात आली. आठवड्यांचे काम तासांवर आले. फोर्डचे काळे साम्राज्य ढासळण्यास इतर कारणेही होती, पण रंग हे त्यांतील एक होते ह्यात शंका नाही. १९२७ साली आल्फ्रेड स्लोन ह्याने जनरल मोटर्समध्ये केवळ कला व रंग पाहण्यासाठी एक स्वतंत्र विभाग काढून तो हार्ली अर्ल ह्याच्या हाती सोपवला. तेव्हापासून मोटार चालते कशी ह्याच्याइतकाच ती दिसते कशी, हा धंद्याचा प्रश्न होऊन बसला.

क्रोमियमही त्याच सुमारास आले. त्यापूर्वी निकेलचा मुलामा असे. तो काळवंडे व मालकास किंवा त्याच्या गड्यास सारखा घासत बसावे लागे. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील कॉलिन फिंक प्रभृतींच्या संशोधनामुळे विजेच्या साहाय्याने क्रोमियम चढवणे व्यवहार्य झाले आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच ते मोटारींवर दिसू लागले. ओल्या फडक्याने पुसले की पुन्हा नव्यासारखे! मध्यमवर्गीय गृहस्थास ह्याहून स्वस्तात एवढी झळाळी कोठे मिळणार?

मग पर्ल हार्बर झाले. क्रोमियम हे कठीण पोलादाच्या मिश्रणास अत्यावश्यक असल्यामुळे १९४२ च्या आरंभापासून मोटारींवर त्याचा अलंकारासाठी उपयोग करण्यास बंदी झाली; बंपर तेवढे सुटले. येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. ज्या कारखान्यांपाशी मुलामा चढवून तयार असलेल्या पट्ट्या शिल्लक होत्या, त्यांनीही त्या तशाच लावावयाच्या नव्हत्या. एकाच्या गाड्या चकाकत्या व दुसऱ्याच्या निस्तेज असा पक्षपात होऊ नये म्हणून चांगल्या क्रोमियमवर रंगाचा हात फिरवावा लागला. अशा गाड्यांना पुढे 'ब्लॅकआउट' हेच नाव पडले. त्या थोड्याच निघाल्या, कारण फेब्रुवारी १९४२ मध्ये नागरिकांसाठी मोटारी करणेच थांबले. त्या आज संग्राहकांस दुर्मिळ वाटतात, ही गोष्ट निराळी.

युद्ध संपल्यावर ह्या उपवासाचे उट्टे निघाले. १९५८ सालच्या ब्यूइक गाडीच्या पुढील जाळीत क्रोमियमचे १६० चौकोन बसवलेले होते. अर्ल त्याच वर्षी निवृत्त झाला. एवढ्या चकाकीनंतर डोळ्यांना विटाळा आला नसता तरच आश्चर्य. शिवाय आजच्या बहुतेक गाड्यांवरील जाळी धातूची राहिलेलीच नाही. प्लास्टिकवर दिलेला तो पातळ मुलामा असतो. भाच्यास मी हे सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, "म्हणजे मी खोट्यावर खोटे चढवतो आहे म्हणा ना!" मी ते नाकारले नाही.

आता ह्या सालीची हकीगत. १९२६ साली ओहायोतील अ‍ॅक्रन येथे गुडरिच ह्या रबराच्या कंपनीत वाल्डो सेमन नावाचा रसायनज्ञ रबर धातूस घट्ट चिकटवील असे काही शोधीत होता. प्रयोगासाठी त्याने व्हायनिल जातीचा एक निरुपयोगी मानलेला पदार्थ घेऊन तो उच्च उष्णतामानाच्या द्रवात विरघळवला. हाती जे आले ते रबरासारखे लवचीक होते, पण धातूस मुळीच चिकटेना! ज्या गुणासाठी खटाटोप केला त्याच्या नेमका उलट गुण पदरी पडला. रेनकोटापासून विजेच्या तारांवरील वेष्टनापर्यंत किती तरी वस्तू त्यातून निघाल्या.

न चिकटण्याच्या ह्या गुणाचे खरे चीज आरमाराने केले. १९४५ साली महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेपाशी इतकी जहाजे होती की, शांततेच्या काळात ती चालवणे अशक्य आणि मोडीत काढणे अविचाराचे. दोन हजारांवर जहाजे राखीव म्हणून नांगरून ठेवण्यात आली. लोखंडाचा शत्रू दमट हवा. तेव्हा पोटातील हवा यंत्रांनी कोरडी ठेवावयाची आणि डेकवरील तोफा व नाजूक यंत्रे ह्यांवर फवाऱ्याने आवरण चढवावयाचे, अशी युक्ती निघाली. प्रथम कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू उडवून फटी व खाचा सांधीत, मग त्या जाळ्यावर लवचीक द्रव्याचे थर देत. वाळल्यावर तोफेभोवती एक अखंड पिशवीच तयार होई. रेशमाच्या किड्याच्या कोशावरून ह्या कृतीस 'कोकून' हे नाव मिळाले. जून १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले आणि हे कोश फाडण्याची वेळ आली. 'न्यू जर्सी' ही प्रचंड युद्धनौका ३० जून १९४८ रोजी सेवेतून काढून ठेवलेली होती. ती २१ नोव्हेंबर १९५० रोजी पुन्हा सेवेत रुजू झाली. आपल्याकडे गावच्या मारुतीवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदराचे लेप चढत जातात आणि एखादे दिवशी ते कवच गळून आतील मूळ मूर्ती प्रकट होते. तसाच काहीसा प्रकार, फरक इतकाच की, येथे कवच गळवण्याचा बेत आरंभापासूनच ठरलेला.

फवाऱ्याचा डबाही लढाईवर जाऊन आलेला आहे. नॉर्वेतील एरिक रोथाइम ह्याने ही कल्पना १९२०-३० च्या दरम्यानच पेटंट करून ठेवली होती. पण तिला भाग्य लाभले ते दुसऱ्या महायुद्धात. सैनिकांना हिवतापाचे डास मारण्यासाठी अमेरिकन शेतकी खात्यातील गुडह्यू व सलिव्हन ह्यांनी दाबाखालील वायूने औषध उडवणारा डबा तयार केला. १९४९ साली इलिनॉय संस्थानातील सिकामोर गावी एडवर्ड सीमोर ह्याने त्यात रंग भरला, आणि तोही, असे सांगतात, पत्नीच्या सुचवणुकीवरून. रंगाऱ्याचे निम्मे कसब त्या दिवशी डब्यात बंद होऊन वाण्याच्या फळीवर आले, असे म्हटले तर रंगारी मंडळी मजवर रागावू नयेत.

मिनेसोटात १९७२ साली 'प्लास्टी डिप' हे द्रव्य निघाले ते मोटारींसाठी नव्हे; पक्कड, पाने इत्यादी हत्यारांच्या मुठी त्यात बुडवून त्यांवर रबराची पकड आणण्यासाठी. पुढे ते फवाऱ्याच्या डब्यांतही मिळू लागले. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तरुण मोटारवाल्यांनी ते चाकांवर, जाळ्यांवर व नाममुद्रांवर उडवण्याचा सपाटा लावला. हे कृत्रिम रबर नॅफ्था, टोल्युईन अशा उडून जाणाऱ्या द्रावकांत विरघळलेले असते. द्रावक उडाले की मागे कातडे राहते. त्याचे मर्म एवढेच की, ह्या कातड्याच्या कणांची परस्परांवरील पकड ही खालच्या पृष्ठभागावरील पकडीहून बळकट असते. म्हणूनच थर जाड हवा. पातळ राहिला तर ओढताना तुटतो, त्याचे तुकडे पडतात आणि मग ते नखांनी खरवडत बसावे लागते.

भाच्याचे काम मी सुमारे तीन तास पाहिले. त्याने जाळी साबणाने धुतली, स्पिरिटने पुसली, भोवतीच्या भागास कागद व चिकटपट्टी लावली. पहिला हात इतका विरळ की, खालचे क्रोमियम स्पष्ट दिसत होते. ह्याच हाताला घाई करणारे फसतात, असे तो म्हणाला. मग अर्ध्या अर्ध्या तासाच्या अंतराने आणखी पाच. शेवटचा हात ओला असतानाच त्याने चिकटपट्टी काढून घेतली, नाही तर कडा फाटते. मागील बाजूच्या नाममुद्रेची तऱ्हा अधिक मौजेची होती. अक्षरांभोवती कागद लावण्याची यातायात न करता त्याने सगळ्यावरच रबर उडवले, आणि वाळल्यावर दात कोरण्याच्या काडीने अक्षरांच्या कडा मोकळ्या करून मधले कातडे हलकेच उचलून घेतले. अक्षरे काळी राहिली, पत्रा पूर्ववत झाला. पेट्रोल ओतण्याच्या झाकणापाशी मात्र तो गेला नाही, कारण पेट्रोलच्या थेंबाने हे रबर विरघळते. द्रावकांचा उग्र वास दारे उघडी टाकूनही जाईना. त्याने तोंडावर मुखवटा चढवला होता आणि मला दारातच उभे केले होते.

हे सर्व पाहताना एक पूर्वग्रह माझ्या मनात डोकावत होता, तो लपवीत नाही. ज्याने रंग निवडला त्याने त्या रंगासह राहावे. चुकला तर चूक सोसावी. त्यातूनच रुची घडते, असे मला वाटत आलेले आहे. रात्री जेवताना मी तसे बोललोही. भाचा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, ही गाडी माझी नाहीच. तीन वर्षांच्या कराराने घेतली आहे. जशी दिली तशीच परत करायची. काही कायमचा बदल केला तर भुर्दंड." घर भाड्याचे, म्हणूनच रंग उडवताना गॅरेजच्या फरशीवर त्याने खोक्यांचे पुठ्ठे अंथरले होते. देशात राहण्याचा परवानाही ठराविक मुदतीचा, नोकरीशी बांधलेला. जेथे त्याच्या मालकीचे असे काही नव्हते, तेथे त्याने काय पक्के रंगवावे?

मॉडेल टीचा शेतकरी मालक आपल्या गाडीस भोके पाडून हवी ती जोडवस्तू बसवी; गाडी त्याची होती. आरमाराच्या कोशातही मालक तोच राहिला, तोफ त्याचीच होती. दुसऱ्याच्या वस्तूवर आपली खूण काही दिवस ठेवून ती मागमूस न राहता उचलून नेणे, हा उपयोग मात्र त्या डब्यास ह्याच काळाने शिकवला. माझ्या उपदेशाची पुरवणी मी त्या रात्री पुढे केली नाही.

गाडी परत करण्याची मुदत येत्या ऑगस्टअखेर भरते. थंडीत साल तडकते, उन्हात ती सहज निघते. म्हणून जुलैतला एखादा कडक उन्हाचा रविवार त्या कामासाठी राखून ठेवला आहे, असे त्याने परवाच कळवले आहे.