गर्दी मोजायची कोणत्या मापाने?

रस्त्यावर फार गर्दी झाली, असे आपण सहज म्हणतो. पण ती मोजायची कशाने? या प्रश्नाचा इतिहास आपल्या अमरावतीपासूनच सांगता येतो.

१८४२ साली येथील एका व्यापाऱ्याने मिर्झापूरमार्गे कलकत्त्याला एक लाख बैलांची ओझी भरतील इतका कापूस पाठविला, अशी नोंद गॅझेटियरात आहे. तेव्हाचे माप बैलाच्या पाठीवरचे ओझे होते. १८६७ साली मुंबईचा लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचला आणि किती टन माल किती मैल नेला, हा हिशेब आला. दोन्ही मापांत मोजले जाई ते वाहून नेलेले ओझे.

मोटार आली आणि माप पालटले. बॅ. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली. आपल्या रस्त्यावर बैलगाडी, टांगा, सायकल, मोटार सारेच एकत्र चालणार. त्यांची बेरीज करायची कशी? तोड अशी निघाली की मोटारीला एक मानायचे आणि बाकीच्यांना तिच्या तुलनेत आकडा द्यायचा. वाहन जागा किती अडविते आणि चालते किती संथ, यावर तो ठरे. संस्थेच्या १९९० सालच्या, गावाबाहेरील रस्त्यांसाठीच्या कोष्टकात सायकल अर्धी, बस तीन, हातगाडी तीन, टांगा चार आणि मोठी बैलगाडी आठ!

रस्ता किती रुंद हवा हे ठरवायला हे कोष्टक उपयोगी आहे, यात वाद नाही. पण बसमध्ये पन्नास माणसे असोत, ती तीनच. तीन मोटारींत दोघे-दोघे बसले तर माणसे सहा, आणि आकडा तोच तीन. पायी कामावर जाणाऱ्या मजुराला तर या कोष्टकात जागाच नाही. मग ‘हातगाड्या हटवा, गर्दी कमी होईल’ असे कोणी म्हटले, की गणित त्याच्याच बाजूने साक्ष देते.

हमालाची मजुरी पोत्यावर द्यायची की वजनावर, हा वाद कामगार चळवळीत आम्ही पुष्कळ ऐकला आहे. माप ठरले की अर्धा निवाडा तिथेच होतो. रस्त्याचेही तेच आहे. म्हणून चौकात गाड्या मोजल्या जातील तेव्हा त्यांतली माणसे, पायी जाणारी माणसे आणि त्या सर्वांचा वाया गेलेला वेळही मोजला जावा, ही मागणी महानगरपालिकेपुढे नागरिकांनीच मांडली पाहिजे. रस्ता गाड्यांसाठी बांधला जातो खरा, पण त्याचा कर माणसे भरतात.