नेमून दिलेला पाठ

कीर्तनकाराला एक मुभा असते. निरूपणासाठी कोणता अभंग घ्यायचा हे तो स्वतः ठरवतो, आणि सहसा रसाळ अभंगच घेतो. ज्यू सिनेगॉगमधील साप्ताहिक तोरावाचनाला ही मुभा नाही. मोशेच्या पाच ग्रंथांचे ५४ पाराशा, म्हणजे वाचनखंड, पाडलेले आहेत आणि त्या त्या शब्बाथला दिनदर्शिकेने नेमलेला पाराशा वाचावाच लागतो. सृष्टीची उत्पत्ती आणि योसेफाची कथा यांच्या जोडीला निवासमंडपाच्या पडद्यांची मापे येतात, यज्ञबळींचे तपशील येतात, त्वचारोगाची लक्षणेही येतात. अमुक भाग रुक्ष म्हणून तो गाळता येत नाही. जुन्या संहितेत आजचा अर्थ शोधण्याची ज्यूंची रीत मुख्यतः या सक्तीतून घडली, असे आम्हास वाटते.

वाचन आणि अर्थ ही जोडी फार प्राचीन आहे. एज्राने यरुशलेममध्ये लोकांपुढे तोरा वाचली तेव्हा ती समजावून सांगणारेही सोबत होते, असे 'नहेम्या'च्या आठव्या अध्यायात आले आहे. पुढे लोकांची बोली अरामी झाली आणि 'मेतुर्गेमान' म्हणजे दुभाषा उभा राहिला. हिब्रू वाचकाने एक वचन वाचावे, त्याने ते अरामीत सांगावे. मात्र त्याने लेखी अनुवाद पाहून बोलू नये, वाचकानेही त्याला शब्द पुरवू नयेत; न जाणो, अनुवादच तोरेत लिहिला आहे असा श्रोत्यांचा समज व्हायचा! संहिता आणि तिचे अर्थनिर्णयन यांतील सीमारेषा इतक्या दक्षतेने आखलेली क्वचितच आढळते. वाचनाचा क्रम मात्र सर्वत्र एक नव्हता. पॅलेस्टाइनमध्ये सुमारे तीन वर्षांचे चक्र होते, बाबिलोनियात एका वर्षाचे. अखेर वार्षिक क्रम रूढ झाला.

या सक्तीची खरी कसोटी लागते ती 'लेवीय' ग्रंथाच्या तेराव्या-चौदाव्या अध्यायांत, म्हणजे 'ताझ्रिआ' आणि 'मेत्सोरा' या पाराशांत. येथील 'त्साराअथ' या व्याधीला मराठी बायबलने 'महारोग' म्हटले, परंतु ही व्याधी कपड्यालाही जडते आणि घराच्या भिंतीलाही. साहजिकच आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो तो हा नव्हे. याजकाने चट्टा पाहावा, संशय आल्यास सात दिवस अलग ठेवावे, पुन्हा पाहावे, असे पानेच्या पाने चालते. मंदिर इ. स. ७० मध्ये नष्ट झाले, याजकांचे कार्य संपले. मग या अध्यायांचे करायचे काय? रब्बींनी 'मेत्सोरा' हा शब्दच फोडला आणि त्यात 'मोत्सी शेम रा', म्हणजे दुष्कीर्ती पसरवणारा, असा अर्थ वाचला. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मान्य होणार नाही. यास्काला मात्र ती परकी वाटली नसती. शिवाय तिला संहितेतच आधार होता: मोशेविरुद्ध बोलल्यावर मिर्यामला हीच व्याधी जडते. त्वचेचा अध्याय अशा रीतीने जिभेचा अध्याय झाला.

परंतु या अर्थातही एक धोका आहे. रोग हे पापाचे फळ मानले की रोगी अपराधी ठरतो. म्हणूनच आमच्या काळातील काही भाष्यकारांचे लक्ष पुन्हा संहितेच्या शब्दांकडे वळते: छावणीबाहेर ठेवलेल्या माणसाला पाहण्यास याजकाने स्वतः बाहेर जावयाचे आहे, आणि त्याला परत आणण्याचा विधी सविस्तर सांगितला आहे. २०२० साली २५ एप्रिलच्या शब्बाथला नेमके हेच दोन पाराशा आले. जगभरची असंख्य सिनेगॉगे त्या वेळी महासाथीमुळे बंद होती. पाठ कोणी निवडला नव्हता. तो पंचांगाने आला होता.

नवा अर्थ काढणे ही परंपरा की परंपराभंग, हा वाद एकोणिसाव्या शतकात केवळ पंडिती राहिला नाही. १८२३ मध्ये प्रशियाच्या राजाने ज्यू उपासनेतील नवे प्रकार बंद केले आणि त्यात जर्मन भाषेतील प्रवचनही आले. लेओपोल्ड झुंझ हा स्वतः बर्लिनमध्ये अशी प्रवचने केलेला विद्वान. त्याने १८३२ मध्ये ज्यू प्रवचनपरंपरेचा इतिहासग्रंथ लिहिला आणि लोकभाषेतील निरूपण हे आधुनिकांचे खूळ नसून एज्रापासूनची रीत आहे, हे मिद्राश-ग्रंथांच्या साक्षीने दाखविले. वाङ्मयाच्या इतिहासाने शासनाच्या हुकमाला दिलेले असे उत्तर विरळाच.

योगायोग असा, की त्याच १८३२ साली मुंबईत जॉन विल्सन यांचे मराठीतील हिब्रू व्याकरण प्रसिद्ध झाले. विल्सन मिशनरी, त्यांचा हेतू उघड होता. बेने इस्राएल समाजाने व्याकरण घेतले, धर्मांतर बहुतांशी नाकारले. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधलेल्या सिनेगॉगात वाचन हिब्रूतच होई; अर्थ मराठीत आणण्याचे काम पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांच्यासारख्या अनुवादकांनी केले. म्हणजे मेतुर्गेमानाचेच काम, फक्त अरामीच्या जागी मराठी. १९२५ मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन झाली आणि उदारमतवादी उपासनेलाही या समाजात स्थान मिळाले.

आम्हा मराठीच्या अभ्यासकांना अधिक महत्त्वाची वाटते ती मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच समाजाने उचललेली कीर्तनाची पद्धत. भाषा मराठी, ढंग हरिकीर्तनाचा, आणि आख्यान अब्राहामाचे, योसेफाचे वा मोशेचे. आरंभी म्हटलेली निवडीची मुभा येथे परत मिळाली. आख्यानांना कथाभाग लाभला. चट्टे, बळी आणि पडद्यांची मापे सिनेगॉगातल्या वाचनाकडे राहिली. इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल स्त्रियांनी ही कीर्तनातली गीते तेथेही मराठीतच गायली आहेत.