डॉ. सिम्स यांचें आत्मवृत्त व तीन गुलाम स्त्रिया

बखर ही प्रसंग घडून गेल्यावर बहुत वर्षांनीं, व पुष्कळदां एका पक्षाच्या सोयीनें, लिहिलेली असते. म्हणून ती इतर कागदांशीं ताडून घ्यावी लागते, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. हीच कसोटी आम्ही येथें एका परकी ग्रंथास लावीत आहों. अमेरिकेंतील शस्त्रवैद्य जेम्स मॅरियन सिम्स (१८१३–१८८३) यांचें आत्मवृत्त त्यांच्या मृत्यूनंतर १८८४ त प्रसिद्ध झालें. स्त्रीरोगांवरील शस्त्रक्रियेचे जनक असा त्यांचा लौकिक आहे.

१८४५ ते १८४९ पर्यंत सिम्स हे अलाबामा संस्थानांतील माँटगोमेरी येथें एका दुर्धर विकारावर प्रयोग करीत होते. प्रसूति फार वेळ अडली म्हणजे मूत्राशयास छिद्र पडून मूत्र अखंड झिरपत राहतें, तो हा विकार. प्रयोग गुलाम स्त्रियांवर झाले. पैकीं तिघींचीं नांवें उरलीं आहेत : अनार्का, बेट्सी व ल्यूसी.

मालकांपुढें ठेवलेल्या अटी सिम्स यांनीं स्वतःच नमूद केल्या आहेत. जिवास धोका होईल असा प्रयोग करणार नाहीं, पोषणाचा खर्च मी सोसीन. मात्र त्यांच्यावरील कर व कपडालत्ता मालकांनीं द्यावा. पेशवे दप्तरांतील कुणबिणींच्या खरेदीविक्रीचे कागद ज्यांनीं चाळले आहेत, त्यांस ही भाषा ओळखीची वाटेल. जिच्या अंगावर शस्त्र चालावयाचें ती या बोलण्यांत पक्षकारच नाहीं. स्त्रियांची संमति होती असें सिम्स लिहितात. विकार असह्य असल्यानें तें खरेंही असेल. परंतु त्यास त्यांच्या लेखणीवांचून दुसरा पुरावा नाहीं, आणि नको म्हणण्याचा अधिकार गुलामास नव्हता.

आतां वेदनेचा प्रश्न. ल्यूसीवरील शस्त्रक्रिया सुमारें बारा डॉक्टरांच्या देखत झाली. तिनें ती मोठ्या धैर्यानें सोसली, पुढें आंत ठेवलेल्या स्पंजामुळें तिच्या यातना पराकाष्ठेस जाऊन ती मरणार असें वाटलें, असें आत्मवृत्त सांगतें. आणि तो काळ भुलीच्या औषधापूर्वीचा होता, अशी पुस्ती जोडतें. ल्यूसीपुरतें हें खरें. परंतु ईथरचा जाहीर प्रयोग बोस्टन येथें १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं झाला, आणि अनार्केवरील तिसावी, चांदीच्या तारेच्या टाक्यांची यशस्वी शस्त्रक्रिया १८४९ ची आहे. औषध नवें होतें, त्याची भीति होती, हें मान्य. पण सिम्स यांचाच दुसरा, जुना कागद निराळें बोलतो. १८५७ त न्यूयॉर्क येथील व्याख्यानांत ते म्हणतात कीं, भुलीचा खटाटोप व धोका पत्करावा इतकी ही शस्त्रक्रिया वेदनादायक नाहीं. तें विधान सर्वच रुग्णांविषयीं आहे, हें त्यांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. तथापि त्यामागील पहिला अनुभव या स्त्रियांच्या अंगचा आहे. आमच्या मतें येथें १८५७ चा कागद अधिक ग्राह्य. काळाची सबब मागाहून आली.

काळ्या माणसास वेदना कमी होतात, हा समज त्या काळीं तिकडील वैद्यांत रूढ होता. तो अद्याप निर्मूळ झालेला नाहीं. २०१६ त प्रसिद्ध झालेल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या पाहणींत गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकीं व शिकाऊ डॉक्टरांपैकीं सुमारें निम्म्यांनीं, काळ्यांची कातडी जाड असते यासारखें एक तरी खोटें विधान खरें मानलें.

सिम्स यांचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून एप्रिल २०१८ मध्यें हलविण्यांत आला. तो वाद आमचा विषय नव्हे. आत्मवृत्ताची प्रत ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं आणखी एक स्थळ पाहावें. गांवचे डॉक्टर मदतीस येईनासे झाले, तेव्हां याच स्त्रिया एकमेकींच्या शस्त्रक्रियेंत सिम्स यांस साह्य करीत, असें तेथें लिहिलें आहे.