पॉवर विंडो मोटर : तपासणी

मोटारीच्या दारातील काच वर-खाली करणारी विद्युत मोटर चालू आहे की निकामी, हे ठरवण्याची रीत. ही १२ व्होल्टची, स्थायी चुंबक असलेली छोटी डीसी मोटर असते. तिचा वर्म गिअर केबलचे किंवा कात्रीच्या रचनेचे ‘काचेचे मशीन’ फिरवतो. मोटरला दोनच मुख्य वायरी असतात. स्विच त्यांतील धन-ऋण अदलाबदल करतो आणि काच उलट दिशेने सरकते. तपासणीचा सारा आधार हाच आहे.

खाडीकाठच्या पनवेलमध्ये (जि. रायगड) जून ते सप्टेंबरचा मुसळधार पाऊस आणि खारी, दमट हवा यांनी स्विचचे पॉइंट व वायरी जोडणाऱ्या कपलरच्या पिना गंजून हिरवट पडतात. काच अडली की मोटरच बदलायची, ही घाई म्हणूनच महागात पडते.

चारही काचा चालत नसतील तर आधी फ्यूज पाहावा. चालकाची काच चालते आणि बाकीच्या नाहीत, तर त्याच्या दारातील लॉक बटण. एकच काच अडली असेल तर स्विच दाबून कान द्यावा. मोटर घुमते पण काच हलत नाही, तर बहुधा केबल तुटलेली असते. काच रडतखडत चढत असेल, तर चिखलाने किंवा सुकून आवळलेले रबर चॅनल आधी साफ करावे.

मग दाराचे पॅड काढून कपलरवर मल्टिमीटर लावावा. मोटर जोडलेलीच ठेवावी. पिन गंजली असेल तर कपलर सुटा असताना मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, पण भार आला की दाब कोसळतो. नवशिका इथेच फसतो. स्विच दाबल्यावर भाराखाली पुरेसा दाब मिळूनही मोटर गप्प असेल, तर दोष मोटरचा. दाब येतच नसेल, तर स्विच आणि बिजागरीजवळच्या रबरी नळीतील, दार उघडझाप होऊन तुटलेल्या वायरी तपासाव्यात.

खात्रीसाठी कपलर सोडवून बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या वायरीने मोटरला थेट करंट द्यावा, मग वायरी उलटवून पाहावे. हलके ठोकल्यावर चालू झाली, तर कार्बन ब्रश झिजलेले असण्याचा संभव मोठा. वारंवार अडून तापलेली मोटर आतल्या संरक्षक कटआउटमुळे थांबते. काही मिनिटे थंड होऊ देऊनच निकाल द्यावा. काही नव्या गाड्यांत मोटरलाच इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल जोडलेले असते. तिथे थेट करंट देऊ नये, स्कॅनर लावावा.

काचेला टेकू दिल्याशिवाय मोटर सोडू नये आणि मशीनच्या फटीत बोट घालू नये. दारात एअरबॅगचा सेन्सर असल्यास पिवळ्या कपलरला हात लावू नये. पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद परत नीट चिकटवणे फार महत्त्वाचे आहे. तो फाटका राहिला, तर काचेवरून दारात उतरलेले पावसाचे पाणी तळाच्या भोकांतून बाहेर न जाता गाडीच्या मॅटखाली साचते.