पारितोषिकाचा मंच आणि त्याची भाषा

सप्टेंबर १५५६ मध्ये एक छापखाना गोव्याच्या बंदरात उतरला. तो खरे तर अबिसिनियाला जायचा होता. पण परिस्थिती अशी आली की तो गोव्यातच राहिला आणि जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात त्याची मांडणी झाली. अ. का. प्रियोळकरांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या 'द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया' या ग्रंथामुळे ही हकीकत मराठी अभ्यासकांना परिचित आहे. मात्र त्या यंत्रावर पहिल्यांदा काय छापले गेले, याचा विचार आपण फारसा करीत नाही. ते बायबल नव्हते, राजाज्ञाही नव्हती. कॉलेजातील तत्त्वज्ञानाच्या जाहीर वादसभेसाठी तयार केलेली प्रमेये त्यावर प्रथम छापली गेली. त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही; तत्कालीन जेझुइट पत्रव्यवहारातून ती आपल्याला कळतात.

या वादसभेचे स्वरूप समजून घेतले म्हणजे घटनेचे महत्त्व लक्षात येते. विद्यार्थ्याने काही विधाने आधी जाहीर करावयाची, ठरलेल्या दिवशी शिक्षक व निमंत्रितांसमोर उभे राहावयाचे आणि येणाऱ्या आक्षेपांना लॅटिनमधून उत्तरे देत ती विधाने सिद्ध करावयाची, अशी ही पद्धत होती. परीक्षा आणि उत्सव यांत इथे भेद नव्हता. विद्यार्थ्याचे यश हे त्याचे एकट्याचे नसून संस्थेचे आणि नगराचे आहे, आणि म्हणून ते चारचौघांत घडले पाहिजे, ही त्यामागील धारणा. भारतातील मुद्रणाचा आरंभ अशा रीतीने एका शैक्षणिक समारंभाच्या गरजेतून झाला.

जेझुइट संघाने १५४८ साली सिसिलीतील मेस्सिना येथे बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी पहिले कॉलेज उघडले आणि पुढील अर्धशतकात शिक्षण हेच या संघाचे प्रमुख कार्य होऊन बसले. या अनुभवातून १५९९ साली 'रात्सिओ स्तुदिओरुम' ही नियमावली सिद्ध झाली. तिच्यातील एक संपूर्ण प्रकरण पारितोषिकांविषयी आहे. वक्तृत्वशास्त्राच्या वर्गाला आठ बक्षिसे : लॅटिन गद्य, लॅटिन पद्य, ग्रीक गद्य आणि ग्रीक पद्य यांना प्रत्येकी दोन. खालच्या वर्गांना त्या मानाने कमी. शिवाय धर्मतत्त्वे उत्तम म्हणून दाखविणाऱ्यांसाठी वेगळे. स्पर्धेच्या लेखावर नाव घालावयाचे नाही, केवळ खूण करावयाची. नाव निराळ्या कागदावर लिहून बंद ठेवावयाचे. परीक्षक तीन. निकालाच्या दिवशी शक्य तितक्या थाटात, भरल्या सभेत नाव पुकारले जाई, विजेता सर्वांच्या मधून पुढे येऊन बक्षीस घेई. विजेत्यांच्या जवळपास पोहोचलेल्यांची नावेही वाचावीत, असेही हे नियम सांगतात. आपल्या संमेलनांतील 'उत्तेजनार्थ' या शब्दाला इतका जुना आधार सापडावा, याची गंमत वाटते.

या थाटामागे एक शिक्षणविचार होता. छडीपेक्षा सन्मानाची आशा आणि अपयशाची लाज मुलाला अधिक पुढे नेते, असे या गुरुजनांना वाटे. त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला वर्गातच एक प्रतिस्पर्धी नेमून दिलेला असे. तो चुकला की याने दुरुस्त करावयाचे. वर्गाचे दोन पक्ष पाडून त्यांना रोम आणि कार्थेज अशी नावे देण्याचीही प्रथा होती. शारीरिक शिक्षा पूर्णपणे संपली नव्हती. परंतु ती देणारा माणूस संघाबाहेरचा असावा, असा दंडक होता. चुरशीने मुलांमध्ये विद्येची गोडी वाढते की केवळ जिंकण्याची, हा प्रश्न तेव्हाही टाळता येण्यासारखा नव्हता आणि आजही तो सुटलेला नाही.

गोव्यात मात्र याहून बिकट प्रश्न होता. सेंट पॉल कॉलेजचे मूळ १५४१ साली स्थापन झालेल्या 'सांता फे' या संस्थेत आहे. विविध देशांतील मुलांना शिकवून धर्मप्रसारासाठी आपापल्या प्रदेशात परत पाठवावयाचे, हा तिचा हेतू. त्या उभारणीसाठी जे उत्पन्न लावून देण्यात आले, ते गोवा बेटावरील पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे होते. १५४२ साली फ्रान्सिस झेवियर गोव्यात आला. हातातील घंटा वाजवीत रस्त्यारस्त्यांतून मुलांना गोळा करणारी त्याची मूर्ती ख्रिस्ती परंपरेने प्रेमाने जपली आहे. पण १५५९ साली पोर्तुगीज राजसत्तेने असा हुकूम काढला की हिंदू आईबापांची अनाथ मुले या कॉलेजच्या स्वाधीन करावीत आणि तिथे त्यांचा बाप्तिस्मा करून त्यांना शिकवावे. आप्तस्वकीय हयात असताना मूल संस्थेकडे जाणे म्हणजे काय, याची कल्पना करणे कठीण नाही. तेव्हा कॉलेजातील मिरवणुका, वादसभा आणि संगीत यांचे वर्णन वाचताना त्या गर्दीत आणखी कोण असेल आणि कोण नसेल, हे विचारले पाहिजे. एखादे मूल लॅटिनमध्ये बिनचूक उत्तर देत असेल, सभा त्याचे कौतुक करीत असेल. त्या कौतुकाचा अर्थ त्याच्या घरच्यांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग मात्र बंद झालेला असे.

मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने या कथेचा सर्वांत अर्थपूर्ण टप्पा साष्टीत आहे. १५७९ साली गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स आयुष्याचा उर्वरित काळ बहुतांशी साष्टी प्रांतातच राहिला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. या ग्रंथाच्या आरंभी कवीने रचनेचे निमित्त सांगितले आहे. देवळात मुलांना धर्मशिक्षण दिले जात असते. त्या प्रसंगी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूला विनवितो की, ही तत्त्वे शिकविता ते चांगलेच. पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हाला का देत नाही? स्टीफन्सचे उत्तर म्हणजे सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे काव्य.

हा प्रसंग कविसंकेत मानला तरी त्यातील जाण खरी आहे. प्रश्नोत्तरे पाठ म्हणून दाखविणारी मुले हे शाळेचे यश होते. ते पाहून समाधानी होण्याऐवजी एक प्रौढ श्रोता तिथे उणीव दाखवितो. समाज केवळ बरोबर उत्तरांवर जगत नाही, त्याला कथा लागते, ओवी लागते, एकत्र बसून ऐकण्याचे सुख लागते. आणि ते सुख आपल्याच भाषेत लागते. स्टीफन्सने हे ओळखले म्हणून मराठीच्या गोडव्याचा गौरव करणारे काव्य एका परक्या माणसाकडून लिहिले गेले. कोकणीतील त्याची 'दौत्रिना क्रिस्तां' त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये आणि कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांना शिकविण्याच्या व्यावहारिक गरजेतून झालेले हे भाषाकार्य त्या गरजेच्या पलीकडे टिकले.

राज्यकर्त्यांनी मात्र ही वाट सोडली. १६८४ साली व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करण्याचा हुकूम काढला. १७५९ मध्ये पोर्तुगालने आपल्या प्रदेशातून जेझुइटांनाच हद्दपार केले, १७७३ मध्ये पोपने संघ विसर्जित केला आणि १८१४ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन केले. सेंट पॉल कॉलेजची आज केवळ दर्शनी कमान उभी आहे. मुंबई-पुण्याकडे जेझुइट शिक्षक आले ते एकोणिसाव्या शतकात : सेंट मेरीज १८६४, पुण्याचे सेंट व्हिन्सेंट्स १८६७, सेंट झेवियर्स कॉलेज १८६९. आता मंचावरील भाषा इंग्रजी होती आणि मुले सर्व धर्मांची. महाराष्ट्रात रूढ झालेला बक्षीस समारंभ केवळ याच प्रवाहातून आला असे म्हणता येणार नाही. सरकारी शाळा आणि इंग्लंडमधील प्रथा यांचाही त्यात वाटा आहे. तरीही नाव पुकारणे, सभेतून चालत जाणे, हाती पुस्तक घेऊन परतणे, हा विधी १५९९ च्या नियमावलीत जवळजवळ जसाच्या तसा आढळतो, हे नोंदवले पाहिजे.

साहित्याच्या अभ्यासकाने या विधीकडे पाहताना दोन गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवाव्यात असे वाटते. पहिली, की मुलाचे कर्तृत्व समाजासमोर आणण्यात खरे औदार्य आहे. बंद पाकिटातील नावामुळे, निदान नियमात तरी, गुण कुळाआधी पाहिला जाई. दुसरी, की कर्तृत्व कोणत्या भाषेत मोजायचे हे मंच उभारणारा ठरवितो, आणि त्या निवडीत काही घरे प्रेक्षागृहाबाहेर राहतात. साष्टीतील त्या ब्राह्मणाची तक्रार नेमकी इथे होती. २०२० साली उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. एक कॅथलिक धर्मगुरू मराठीच्या सर्वोच्च मंचावरून मराठीत बोलला, हे अनेकांना तेव्हा नवलाचे वाटले, काहींना खटकलेही. 'क्रिस्तपुराणा'ला तेव्हा चारशेहून अधिक वर्षे झाली होती. हे नवल वाटावे, याचा अर्थ आपल्या पाठ्यक्रमांनी त्या ग्रंथाला अजून आपल्या सभेत पुरते बोलावलेले नाही, एवढाच होतो.